होडीची कप्पी

जुन्या शिडाच्या होडीचा एखादा भाग निकामी झाला की तो कोठे मिळेल, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटतो. इंजिनाचा भाग त्याच्या क्रमांकावरून मागविता येतो. शिडाच्या होडीच्या भागांना क्रमांक नसतात. त्या एका होडीच्या मापाने कोणा सुताराने ते घडविलेले असतात. त्यामुळे हा प्रश्न बाजारापेक्षा माणसांच्या स्मरणाशी अधिक निगडित आहे.

वसईच्या किनाऱ्यावरील मासेमारी आता इंजिनांवर चालते. तरीही आम्ही काही मंडळींनी एक जुनी शिडाची होडी मोडीत जाऊ दिली नाही. पुढे किंचित झुकलेली डोलकाठी, तिला तिरपा टांगलेला लांब वासा आणि त्याला बांधलेले त्रिकोणी शीड, असा तिचा पश्चिम किनाऱ्यास परिचित घाट. वासा वर चढविणारा दोर ज्या लाकडी कप्पीतून जातो, ती कप्पी उभी चिरली आणि आमची भटकंती सुरू झाली.

प्रथम आम्ही मुंबईच्या दारूखान्यात गेलो. मोडीत निघालेल्या जहाजांचे सामान तेथे मिळते. लोखंडी कप्प्यांना तोटा नव्हता; परंतु त्या तारेच्या दोरासाठी बनविलेल्या. त्यांच्या चाकाच्या अरुंद खोबणीत आमचा जाड दोर बसेना. बळेच बसविला असता, तर कडांवर घासून तो झिजला असता. दोर बारीक घ्या, असा सल्ला मिळाला. पण बारीक दोर ओढताना हात कापतात. शिवाय नायलॉनचा घेतला तर तो ताणाने लांबतो आणि ऐन वाऱ्यात शीड सैल पडते. पॉलिप्रॉपिलिनचा दोर स्वस्त खरा, पण उन्हाने त्याचे तंतू ठिसूळ होतात. एक भाग बदलावा, तर त्याच्या शेजारच्या प्रत्येक भागाची संमती घ्यावी लागते, हे आम्हांस तेव्हा उमगले.

अखेर आम्ही एका वृद्ध तांडेलांकडे गेलो. चिरलेल्या कप्पीची दोन्ही शकले त्यांनी बराच वेळ हातांत फिरविली. कप्पीच्या बाहेरील अंगावर एक उथळ खाच होती. दारूखान्यात ती झीज समजली गेली होती. तांडेल म्हणाले, ती खाच मुद्दाम कोरलेली आहे. तेथे दोराचा घट्ट वेढा बसत असे. तो वेढाच कप्पीला टांगून धरतो आणि चिरू देत नाही. तो केव्हा तुटला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही कप्पी शोधत होतो. हरवला होता तो वेढा.

मोडलेल्या घराच्या सागवानी चौकटीतून एका सुताराने नवी कप्पी घडविली. जुनी शकले हाच त्याचा नमुना. चाक कातून घेतले. वेढ्यासाठी दोराची टोके परस्परांत गुंफण्याचे काम मात्र सुताराचे नव्हते. ते तांडेलांनी केले, आणि त्यांचे हात आता थरथरतात.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचे जहाज वादळात सापडते. खलाशी तारवाला खालून दोर आवळतात आणि तिसऱ्या दिवशी जहाजाचे सामान स्वहस्ते समुद्रात टाकतात. त्यांनी ते जीव वाचविण्यासाठी टाकले. आमच्या किनाऱ्यावर मात्र शांत हवामानात, कोणाच्या लक्षातही न येता, असे पुष्कळ काही टाकले गेले आहे.

म्हणून आम्ही जुनी शकले जपून ठेविली आहेत. चाकाचा व्यास, खोबणीची खोली आणि आसाची जाडी वहीत नोंदविली आहे. परंतु गुंफण वहीत उतरत नाही. त्यासाठी दर रविवारी मिस्सानंतर दोन तरुण तांडेलांच्या ओटीवर बसतात. त्यांनी गुंफलेले वेढे ताण देताच सुटतात. तांडेल ते उलगडून पुन्हा त्यांच्याच हाती देतात.