भोसरीची व्हीएमसी

भोसरी एमआयडीसीतल्या त्या एका शटरच्या शेडमध्ये शिरलात, की डावीकडे दोन जुने लेथ दिसतील आणि समोर, सगळी जागा आपल्याच नावावर असल्यासारखी, ती. व्हीएमसी. व्हर्टिकल मशिनिंग सेंटर. धातूच्या ठोकळ्यातून आकड्यांच्या हुकमावर सुटे भाग कोरून काढणारी. मालकाचा महिना तिच्या हप्त्यापासून सुरू होतो, आणि हे तिला ठाऊक असावं अशा थाटात ती वावरते.

घराणं मोठं. आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन 1952 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत दाखवलं गेलं. पैसा तिथल्या हवाई दलाचा, हुकूम भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. विमानांसाठी जन्मलेल्या घराण्याची ही लेक इथे पंपांचे आणि मोटारसायकलींचे भाग करते, तेही तितक्याच मन लावून.

नखरे पुष्कळ. वीज खालीवर झालेली खपत नाही, म्हणून स्टॅबिलायझर. हवेचा दाब 6 बारच्या फार खाली गेला, की अलार्म देऊन गप्प. सकाळी आल्या आल्या कामाला जुंपलेलं चालत नाही. आधी स्पिंडल थोडा वेळ रिकामा फिरवून अंग गरम करून द्यायचं. हे लाड उगाच नाहीत. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण 12 मायक्रॉन वाढतं, आणि हिला हिशेब द्यायचा असतो पाच-दहा मायक्रॉनचा.

सगळ्यात मोठा हट्ट टिंबाचा. प्रोग्रॅममध्ये ‘एक्स 100’ लिहून पुढे टिंब दिलंत तर 100 मिलिमीटर. टिंब राहिलं, तर अनेक कंट्रोलवर त्याचाच अर्थ 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ती विचारत नाही, अडखळत नाही, निघते. वाटेत जॉब आहे की व्हाइस, तिला दिसत नाही. म्हणून नवा प्रोग्रॅम सेटर आधी जॉबच्या वर हवेतच चालवतो, सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ थांबत, एक बोट तिला थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर ठेवून. त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलत नाही.

ती आली तेव्हा लेथवरचे मिस्त्री मनातून धास्तावले होते. आता तिचा आवाज त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. एकदा स्टीलचा जॉब चालू होता, स्क्रीनवर सगळं आलबेल, आयटीआयचा पोरगा निवांत. मिस्त्री लेथवरूनच ओरडले, “अरे पोरा, थांबव तिला, इन्सर्ट गेलाय!” दार सरकवून पाहिलं तर इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या पात्याची, कड उडालेली. जॉब थोडक्यात वाचला. तेव्हापासून पोरगा प्रोग्रॅम लिहितो आणि पहिला पीस मिस्त्रींच्या हातात देतो. ते मायक्रोमीटर लावतात, मान डोलावतात, मगच पुढचा लॉट.

लहान कारखानदार सगळा पैसा मशीनमध्ये घालतो आणि माणूस शिकवायला हात आखडता घेतो, हे मला अजिबात पटत नाही. तिच्या कंट्रोलसमोर उभा राहणारा तयार नसेल, तर तिला घरात आणूच नये.

बाकी स्वभावाने ती सरळ आहे. घेण्याआधी एकदा येऊन भेटा, सेटरशीही बोला. गुरुवारी मात्र येऊ नका. त्या दिवशी भोसरीला सुट्टी असते.