दोरी ओढण्याआधी

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत बेणणी जोरात असेल. पाऊस ओसरतो तेव्हा गवत कमरेला लागलेलं असतं. ते वेळेत काढलं नाही तर उन्हाळ्याच्या तोंडाशी एका ठिणगीने वणवा पेटतो आणि वाढवलेली कलमं होरपळतात. पूर्वी हे काम कोयती-विळ्याने व्हायचं. आता मजूर मिळत नाहीत, म्हणून बागेबागेत पेट्रोलवरचा ग्रास कटर आला आहे. शेतीयंत्रांची दुरुस्ती आणि ती चालवण्याचं प्रशिक्षण हे माझं काम. या यंत्राबद्दल मी प्रत्येकाला एकच सांगतो: अपघात टळणार की होणार, हे बहुतेक वेळा दोरी ओढण्याआधीच ठरलेलं असतं.

२५५ मिलिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला ७००० फेरे फिरत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. या वेगात जांभ्याचा खडा पात्याला लागला तर तो कुठे उडेल, हे चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. म्हणून १५ मीटरच्या आत माणूस, मूल, गुरं कोणीही नको. काम सुरू करण्याआधी बाग पायी फिरून घ्यावी. दगड, बाटल्या, तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या बाजूला कराव्यात. गांधीलमाश्यांचं पोळं कुठे आहे ते पाहावं. उंच गवतात साप असतो, तेव्हा आधी काठी आपटत जावं.

मग इंधन. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं. कंपनीने ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. हे अंदाजाने ओतायचं नाही, मापाने घालायचं. ऑईल कमी पडलं की पिस्टन सीझ होतो, जास्त झालं की प्लग काळा पडतो. फोर-स्ट्रोकला मात्र साधं पेट्रोल लागतं, त्याचं ऑईल वेगळं भरतात. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करावं आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करावी. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. तहानेला कोणाचाही हात तिच्याकडे जाऊ शकतो. इंजिन गरम असताना टाकी भरू नये. भरल्यावर सांडलेलं पुसून, तीन मीटर लांब जाऊन मगच मशीन सुरू करावं. तापलेला सायलेन्सर वाळल्या गवतावर टेकवला, तर जो वणवा टाळायचा तोच आपल्या हातून लागतो.

पात्याला हात लावण्याआधी इंजिन बंद करून प्लगची टोपी काढावी. पात्याचा नट बहुतेक मशीनवर उलट्या आट्यांचा असतो, हे लक्षात ठेवावं. तडा गेलेलं, वाकलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नये, फेकून द्यावं. मऊ गवताला नायलॉन दोरी आणि झुडपाला पातं लावावं. दोरीच्या जागी तार किंवा साखळी बसवणं जिवावरचं आहे. साखळीची कडी तुटली तर ती गोळीसारखी सुटते. अशी जोडणी युरोपीय आयोगाने २०१२ साली बाजारातून हटवायला लावली. गार्ड काढून काम करू नये. इंजिन मंद चालू असताना पातं फिरत असेल, तर मशीन आधी मेकॅनिककडे न्यावं.

वरून पाहिलं तर पातं बहुधा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पात्यालाच तबकडी मानलं, तर बारा ते तीन या भागाने खोडाला किंवा खांबाला स्पर्श झाला की मशीन झटक्याने उजवीकडे किंवा अंगावर येतं. म्हणून उजवीकडून डावीकडे ओढत, पात्याच्या डाव्या भागाने कापावं. पट्टा उंचीप्रमाणे बांधावा, म्हणजे वजन खांद्यावर राहतं आणि हात मोकळे होतात.

चष्मा, जाळीचा मुखपट, कानावरची कवचं, नडगीचं गार्ड, जाड बूट आणि हातमोजे यांना पर्याय नाही. जाळीतून बारीक कण आत येतात, म्हणून तिच्या आत गॉगल हवाच. इंजिनाचा आवाज हळूहळू कान बधिर करतो आणि थरथरीने बोटं सुन्न पडतात, म्हणून मधूनमधून थांबून विश्रांती घ्यावी.

आता बागायतदारांना एक विनंती. मशीन तुमचं असो की गड्याचं, बाग तुमची आहे. तासाचा दर ठरवताना गॉगल आणि बूट कोण देणार, हेही ठरवा आणि ते तुम्हीच द्या. ज्याच्याकडे गार्ड आणि गॉगल नाही, त्याला त्या दिवशी काम देऊ नका. कापायचं राहिलेलं गवत दोन दिवसांनी कापता येतं, गेलेला डोळा परत येत नाही.