पहिल्या झटक्याचा हिशेब

लखनौच्या सरकारी बंगल्यात मी अकरा उन्हाळे काढले. वीज गेली की इन्व्हर्टर ‘टक्’ असा आवाज करी, पंखे फिरत राहत, आणि एअर-कंडिशनर मात्र मौन धारण करी. परप्रांतात नोकरी केलेल्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. त्या मौनाचे कारण मी कधी विचारले नव्हते. ते कळण्यासाठी निवृत्तीनंतर अमेरिकेत, उटा राज्यातील मोआब गावाजवळच्या उजाड माळावर जावे लागले.

चिरंजीवांनी मित्राकडून मोटारीमागे ओढायचा ट्रेलर आणला होता. तिकडे अशा चाकांवरच्या घरांना ‘आर. व्ही.’ म्हणतात. आत निजण्याची, स्वयंपाकाची, स्नानाची सोय; छपरावर १३,५०० बीटीयूचा एअर-कंडिशनर; आणि वस्तीपासून दूर मुक्काम पडला तर सोबत सुटकेसएवढा जनरेटर. सौ.च्या हृदयावर शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले होते. डॉक्टरांनी प्रवासाला संमती दिली होती, पण उष्म्यापासून जपण्यास बजावले होते. माळावर, ताऱ्यांखाली राहण्याचा हट्ट माझा. संध्याकाळी सहा वाजताही पारा ३८ अंशांवरच होता.

चिरंजीव साशंक होते. मी मात्र जनरेटरवरचा आकडा वाचला : २,२०० वॅट. एअर-कंडिशनरला लागणार सुमारे १,५००. “सातशे शिल्लक राहतात. चालू कर,” मी म्हणालो. हुकूम अमलात आला. पंखा फिरला, कॉम्प्रेसर गुरगुरला, जनरेटर घुसमटला, तांबडा दिवा लागला आणि सारे शांत झाले. तीन वेळा असेच घडले.

“बाबा, २,२०० हा आकडा क्षणभराचा. सतत मिळतात १,८००. आणि आपण चार हजार फुटांवर आहोत; विरळ हवेत इंजिनाची शक्ती सातव्या हिश्शाने घटते. कॉम्प्रेसर तर सुरू होताना दुपटीच्या आसपास मागतो.”

“मग बॅटरीवर चालव. इन्व्हर्टर आहे ना?”

त्याने कागद काढला. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे २,४०० वॅट-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्मेच काढावेत. इन्व्हर्टरची तूट वजा जाता पाऊण तासही थंडावा नाही. आणि १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअरांहून अधिक प्रवाह वाहणार, त्याला तारा तशाच जाड हव्यात. लखनौच्या इन्व्हर्टरचे मौन मला तेव्हा उलगडले.

जनरेटर उन्हात तापला म्हणून घुसमटत असेल, असे मनात येऊन मी तो दारापाशी सावलीत ओढू लागलो. “तिथे नाही!” चिरंजीव ओरडले. आजवर ते माझ्याशी त्या स्वरात बोलले नव्हते. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, निजलेल्या माणसाला जागही येत नाही, हे त्यांनी मागाहून हळू आवाजात सांगितले. मी ऐकून घेतले. सौ. खिडकीशी ओला रुमाल कपाळावर धरून बसली होती. ती काहीच बोलली नाही, हे मला अधिक लागले.

तिला मोटारीच्या थंड हवेत बसवून आम्ही ट्रेलर पुन्हा जोडला आणि मोआबच्या एका विजेची सोय असलेल्या तळावर आलो. तिथल्या खांबावर १२० व्होल्टचे, ३० अँपिअरचे सॉकेट होते, म्हणजे ३,६०० वॅट. प्लग बसताच कॉम्प्रेसर एका धक्क्यात सुरू झाला. (त्याची पहिली मागणी सौम्य करणारे एक छोटे उपकरण मिळते, चिरंजीवांनी ते पुढे बसवून घेतले.)

तारे काही दिसले नाहीत. सौ. शाल पांघरून झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो. कॉम्प्रेसर थांबे, पुन्हा सुरू होई, आणि दर वेळी स्वयंपाकाच्या ओट्यावरचा दिवा क्षणभर मंद होई.