मिळणारा वेळ, ठरलेली वेळ

“फादर, प्रार्थना करावीशी वाटते, पण वेळच मिळत नाही.” घरभेटीस जावे तेथे ही तक्रार आमच्या कानी पडते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पहाटे वसईहून लोकल पकडून मुंबईस गेलेला गृहस्थ दिवेलागण उलटल्यावरच घरी परततो. गृहिणीला पाणी, मुलांचे डबे, सासूचे औषधपाणी आणि बहुधा स्वतःची नोकरीही सांभाळावी लागते. अशा थकल्या जीवांना आळशी म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला तरी कष्ट कोठे कमी होते? वाडीचे शिंपणे, फुलाफळांच्या टोपल्या, पहाटेचा बाजार यांत त्यांचा दिवस सरे. तरीही चर्चची घंटा वाजली की हातातले काम थांबे, देवदूताची प्रार्थना म्हटली जाई आणि रात्री सारे घर रोजरीसाठी गुडघे टेकी. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगी चालतो. मिळतो तो वेळ आणि ठरते ती वेळ! त्यांच्यापाशी वेळ अधिक नव्हता. वेळ ठरलेली होती.

संत मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय पाहावा. कफर्णहूम येथे सायंकाळी सारे नगर प्रभू येशूच्या दारी लोटले होते. तरी दुसऱ्या दिवशी, उजाडण्यापूर्वीच, तो एकान्तात प्रार्थनेस गेला. शिष्य त्याला शोधीत आले, तेव्हाही लोकांची रीघ संपलेली नव्हती. कामे आटोपल्यावर प्रार्थना, असा क्रम प्रभूने ठेवला नाही.

“काम हीच आमची प्रार्थना,” असेही काही जण म्हणतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातील ब्रदर लॉरेन्स यांना स्वयंपाकघराच्या गडबडीतही देवाचे सान्निध्य लाभे, हे खरे. मात्र मठाच्या नेमलेल्या प्रार्थना त्यांनी सोडल्या नव्हत्या. आम्हा धर्मगुरूंनाही प्रहरांची प्रार्थना १९८३ च्या धर्मसंहितेने बंधनकारक केली आहे. माणसाचे मन ख्रिस्तसभा ओळखते. जे केव्हाही करता येते, ते कधीच होत नाही.

आपले मूल प्रार्थनेचे शब्द धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकेल; परंतु गुडघे टेकलेला बाप त्याला घरातच पाहावयास मिळेल. ते दृश्य हरपले, तर उद्या संकटसमयी हात कोणापुढे जोडावेत, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वेळ ठरवावी. दहाच मिनिटे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावेत. पाचांपैकी दोघेच घरी असतील, तर दोघांनीच आरंभ करावा. उशिरा परतणाऱ्याने गाडीतच दहा ‘नमो मरिया’ म्हणून त्यांच्यात सामील व्हावे. दोघे-तिघे त्याच्या नावाने जमतात तेथे प्रभू असतो; त्याने गणपूर्तीची अट घातलेली नाही.