सासूबाईंच्या टाचा आणि करडईचं तेल

कार्तिक पौर्णिमेची कचनेरची यात्रा जवळ आली आणि सासूबाईंच्या टाचांना भेगा पडल्या. मी क्रीम आणलं. त्या म्हणाल्या, "यात काय काय आहे ते वाच गं." वाचलं तर लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचा मेणट पदार्थ! त्यांनी डबी बाजूला ठेवली.
मग आपल्या मराठवाड्याचं घाण्याचं करडई तेल काढलं. यातलं लिनोलिक आम्ल त्वचेचा ओलावा टिकवायला मदत करतं. रोज रात्री पाय गाळलेल्या कोमट पाण्याने धुवायचे, ओलसर असतानाच तेल चोळायचं, वर सुती मोजे. भेगांतून रक्त येत असेल तर मात्र डॉक्टरांनाच दाखवा.
यात्रेला सासूबाई चिंतामणी पार्श्वनाथांसमोर अनवाणी, निवांत उभ्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येक डबीवरचं वाचूनच घेते.