पाय काय पाठ करतो

भिवंडीतल्या जुन्या आळ्यांमधल्या घरांचे जिने उभट. ओटीच्या कोपऱ्यातून निघायचं आणि माडीच्या तख्तपोशीतल्या चौकोनातून डोकं वर काढायचं. आमचाही तसाच. सागाच्या पायऱ्या काळ्याभोर, मधोमध झिजून खळगा पडलेल्या. शेजारच्या कारखान्यातले माग सुरू झाले की हादऱ्याने त्या जिवंत होतात.

सूनबाईंनी त्यावर नवं फ्लोअरिंग टाकायचं काढलं. पूर्णा, काल्हेर, दापोड्याच्या गोदामांत जगातला माल उतरतो, त्यामुळे भिवंडीकराला असल्या वस्तूंचं अप्रूप नाही. लाकडी रेषांचा व्हिनाइलचा रोल घरी आलासुद्धा. खऱ्या लाकडावर लाकडाचं चित्र!

सुतारमिस्त्रींनी खळग्यातून अंगठा फिरवला. "काका, हे असंच चिकटवलं तर टोकाला फाटणार. आधी वर बारा मिलीमीटरची प्लाय ठोकावी लागेल."

प्लाय म्हटल्यावर मी हिशेब मांडला. पायऱ्या सगळ्या सारख्याच वर येतील, पण ओटी आणि माडी आहेत तिथेच राहतील. म्हणजे पहिली पायरी जवळजवळ अर्धा इंच उंच आणि माडीवरचं शेवटचं पाऊल तेवढंच बुटकं. डोळ्याला हे दिसत नाही. पाय मात्र सुरुवातीलाच उंची पाठ करतो आणि पुढे न बघता तेवढाच उचलला जातो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातली पायरी 190 मिलीमीटरहून उंच नसावी, 250 हून अरुंद नसावी. आमचा जिना दोन्ही विषयांत नापास. तरीही दिवे गेले असताना हातात चहाचा कप घेऊन घरातलं कुणीही वर जातं, कारण सगळ्या पायऱ्या एकसारख्या चुकलेल्या आहेत.

शिवाय इथला पावसाळा. कामवारी फुगली की भिंतीसुद्धा ओल धरतात. लाकूड वरून बंद केलं की आतली ओल सुकायची कुठून? वाळवीला आमंत्रणच.

मिस्त्री विडी विझवून पुन्हा जिन्याखाली वाकले, फळ्यांवर टकटक केलं. "पोटाकडून साग कोरा आहे. उलट्या करून बसवू?"

फळ्या निघाल्या, गंजके खिळे निघाले. खालची बाजू वर आली: रंधा फिरताच मधाच्या रंगाची, सपाट. टोकं गोल करून स्क्रूने आवळल्यावर कुरकुरही थांबली. सासूबाईंना मात्र ते आवडलं नाही. कुरकुरीवरून त्यांना कोण वर गेलं ते झोपेतही कळायचं.

राहिला सूनबाईंचा रोल. तो माडीवर अंथरलाय. जाडी दोन मिलीमीटर. तेवढं आमचे पाय चालवून घेतात.