दोन पिवळ्या गोळ्या

रुग्णालयातील औषधांच्या खिडकीपुढे आपण कधी ना कधी रांगेत उभे राहिला असाल. मी चौदा वर्षे त्याच खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होते. बी. फार्म. झाल्यावर पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळाली आणि तिथेच रमले. खिडकीच्या आतून माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत, हात दिसतात. थरथरणारे हात, चिठ्ठी घट्ट धरलेले हात, सुट्टे पैसे मोजणारे हात. हातांवरून मी माणसे ओळखू लागले होते.

आता मी त्या खिडकीत नसते. त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, संगणकासमोर बसते. या कामाला मराठीत अजून रूढ नाव नाही. इंग्रजीत त्याला फार्मसी इन्फर्मॅटिक्स म्हणतात. डॉक्टर संगणकावर औषध लिहितात, ते औषधालयात दिसते, तिथून वॉर्डात जाते आणि सिस्टर ते देऊन तशी नोंद करतात. या सगळ्या प्रवासात औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि मार्ग कुठेही बिघडू नये, अशी व्यवस्था रचणे व तिच्यावर सतत डोळा ठेवणे, हे माझे काम. खिडकी सोडून मी इकडे का आले, हे सांगायचे तर दोन पिवळ्या गोळ्यांपासून सुरुवात करावी लागेल.

२०११ सालचा पावसाळा होता. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पत्नीची औषधे न्यायला आले. तिला रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात होता आणि डॉक्टरांनी प्रथमच मेथोट्रेक्सेट सुरू केले होते. हे औषध कर्करोगावर मोठ्या मात्रेत देतात. संधिवातावर मात्र अल्प मात्रेत, आठवड्यातून फक्त एकदा. शरीरातील फॉलिक अॅसिडच्या कार्यात ते अडथळा आणते, म्हणून त्रास कमी व्हावा यासाठी इतर दिवशी फॉलिक अॅसिडची गोळी देतात. चिठ्ठीवर हे सारे स्पष्ट लिहिलेले होते. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळसर.

माझ्यासमोर रांग वाढत चालली होती. मी दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवून म्हणाले, "काका, ही आठवड्यातून एकदा आणि ही रोज. ज्या दिवशी ही, त्या दिवशी ती नाही." त्यांनी मान डोलावली. मग मी दोन्ही पट्ट्या एकाच खाकी पाकिटात घातल्या. मेथोट्रेक्सेटची पट्टी दहा गोळ्यांची होती. महिन्याला चार पुरल्या असत्या, पण कापलेली पट्टी मागे पडून राहते, म्हणून आम्ही शक्यतो पूर्णच देत असू. मीही पूर्ण दिली.

घरी पोहोचेपर्यंत माझ्या वाक्यातील 'ही' आणि 'ती' यांची अदलाबदल झाली.

नवव्या दिवशी त्या बाईंना तोंडात फोड येऊन पाणीही गिळवेनासे झाले. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट धोकादायकरीत्या उतरल्या होत्या. मेथोट्रेक्सेटचा परिणाम थोपवण्यासाठी फोलिनिक अॅसिड देतात, ते लगेच सुरू झाले. जवळजवळ तीन आठवडे त्या रुग्णालयात होत्या, त्यांतील पहिले काही दिवस जिवावरचे होते. त्या वाचल्या. मी वॉर्डात भेटायला गेले, तेव्हा काका बाकावर बसले होते. मला पाहून उठले आणि अगदी अजिजीने म्हणाले, "ताई, मी एक दिवससुद्धा चुकवली नाही हो गोळी."

रुग्णालयाने रीतसर चौकशी केली. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर होती. दिलेले औषध बरोबर होते. सूचना तोंडी दिली होती, हे काकांनीही मान्य केले. कागदावर कुणाचीही चूक नव्हती. मला शिक्षा झाली असती, तर कदाचित मी खिडकीतच राहिले असते.

पुढच्याच वर्षी रुग्णालयात संगणकीय प्रणाली यायची ठरली आणि औषधालयातून एक माणूस हवा, असे पत्रक निघाले. वेतनवाढ नव्हती. सहकाऱ्यांना वाटले, रांगेला कंटाळून चालले आहे. घरच्यांना वाटले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी हे काय नवीन खूळ! संगणकाचे माझे ज्ञान बिल छापण्यापुरते होते. संध्याकाळी मुलगा शाळेचा अभ्यास करत असे आणि त्याच्या शेजारी बसून मी माहितीकोश म्हणजे काय, त्यातील तक्ते एकमेकांना कसे जोडतात, हे शिकत असे. त्याला या प्रकाराची फार गंमत वाटे.

पहिले काम मिळाले ते औषधांची यादी शुद्ध करण्याचे. ऐकायला कारकुनी वाटते, आणि काही प्रमाणात ते तसेच आहे. पण एकाच पॅरासिटामॉलची नोंद यादीत कितीतरी नावांनी, निरनिराळ्या स्पेलिंगांनी पडलेली असेल, तर एका रुग्णाला ते दोनदा दिले जात आहे, हे संगणकाला कळणार कसे? प्रत्येक औषधापुढे त्यातील मूळ घटक, मात्रा, एकक आणि देण्याचा मार्ग लिहायचा, हे काम आठ महिने चालले. संगणकतज्ज्ञ मुले हुशार आणि उत्साही होती. पण 'रोज' आणि 'आठवड्यातून एकदा' हे त्यांना यादीतील दोन पर्याय वाटत. मला त्या दोन शब्दांच्या मध्ये एक वॉर्ड दिसत असे. मेथोट्रेक्सेटची गोळी लिहिताना 'रोज' हा पर्याय मी काढूनच टाकला. आठवड्याचा वार निवडल्याशिवाय चिठ्ठी पुढे सरकत नाही, अशी व्यवस्था केली. वार रुग्णाला विचारूनच ठरवावा, असाही आग्रह धरला. गुरुवारी उपास असणाऱ्या आजीला गुरुवार देऊन काय उपयोग?

इन्सुलिनचा घोळ तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडू शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात. एकीत प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४० युनिट, दुसरीत १००. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. सर्वसाधारणपणे ४०च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १००च्या सिरिंजचे नारिंगी. १००ची बाटली घेऊन ४०च्या सिरिंजने तितकेच युनिट मोजले, तर अडीच पट इन्सुलिन पोटात जाते. संगणकात आता बाटलीबरोबर तिचीच सिरिंज जोडलेली आहे. एक मागवली की दुसरी आपोआप येते. तरीही घरी गेल्यावर उरलेली जुनी सिरिंज कुणी वापरली, तर दुसऱ्या मजल्यावर बसलेल्या मला ते समजत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, एवढे आज एकदा पाहून घ्या.

नव्या कामात माझ्याही चुका झाल्या. त्यांतील सर्वांत मोठी म्हणजे सुरुवातीला मी सगळे इशारे चालू ठेवले. अमुक औषधाबरोबर तमुक नको, वय जास्त आहे, मूत्रपिंडाचा अहवाल जुना आहे, अशा सूचनांच्या लाल चौकटी पडद्यावर एकामागून एक उमटू लागल्या. मला वाटले, जितके इशारे तितकी सुरक्षितता. महिनाभराने रात्रपाळीतील एका निवासी डॉक्टरच्या शेजारी जाऊन बसले. तो त्या चौकटी न वाचताच बंद करत होता, त्याचे बोट आपोआप चालत होते. मी हटकले, तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, लांडगा आला रे आला!" त्याचे खरे होते. परदेशांतील अभ्यासांतही हेच आढळले आहे की असे बहुसंख्य इशारे डॉक्टर डावलतात. आम्ही पुष्कळसे बंद केले आणि जिथे खरोखर जीव जाऊ शकतो, तेवढेच ठेवले. काय बंद करायचे, हे ठरवणाऱ्या बैठका मला काय चालू ठेवायचे, यापेक्षा अधिक भीतिदायक वाटल्या, अजूनही वाटतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची जगव्यापी मोहीम सुरू केली. तिच्यातील एक मुद्दा मला फार पटतो. रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, म्हणजे घरातून रुग्णालयात किंवा रुग्णालयातून घरी, तेव्हा चुका अधिक होतात. आमच्या संगणकाला रुग्णालयातील सर्व माहीत असते. आपल्या घरातील बिस्किटांच्या डब्यात काय आहे, ते त्याला अजिबात माहीत नसते.

म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी अजूनही वॉर्डात जाते आणि नव्याने दाखल झालेल्या वृद्ध रुग्णांच्या नातलगांशी बोलते. एका सूनबाईंनी सासऱ्यांची औषधे तोंडी सांगितली: बीपीची एक, साखरेची एक. मी म्हटले, "डबाच घेऊन याल का?" दुसऱ्या दिवशी तो आला. त्यात टेल्मिसार्टन दोन वेगळ्या नावांनी होते. एक घराजवळच्या डॉक्टरांनी दिलेले, एक हृदयरोगतज्ज्ञांनी. आजोबा चक्कर येऊन पडले होते, आणि दोन्ही गोळ्या रोज सकाळी इमानाने घेत होते. खाली गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेले डायक्लोफिनॅक होते, एका चूर्णाची पुडी होती आणि शेजारच्या काकूंनी 'आमच्या ह्यांना फार गुण आला' म्हणून दिलेल्या, नाव नसलेल्या चार गोळ्या होत्या. तपासण्यांच्या जाड फायलीपेक्षा त्या डब्याने डॉक्टरांना अधिक सांगितले.

त्या चार गोळ्यांना नाव का नव्हते? कारण पट्टी नावाच्या बाजूने कापलेली होती. आपण दुकानातून सुट्ट्या गोळ्या आणतो, तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख पुष्कळदा दुसऱ्याच तुकड्यावर राहते. मागा, हक्काने मागा. निदान पाकिटावर नाव लिहून घ्या. घरीही पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून गोळ्या काढत या, म्हणजे नाव शेवटपर्यंत टिकते. ऑगस्ट २०२३पासून देशातील तीनशे प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे. नातवाच्या मोबाइलवर तो तपासता येतो, पण त्यासाठीही वेष्टन टाकून दिलेले नसावे.

खिडकीची आठवण येते का, असे मला विचारतात. येते. तिथे दिवसातून दहा माणसे "ताई, बरं वाटलं हो" म्हणून जात. इथे जे घडले नाही, त्याचे आभार मानायला कुणीच येत नाही, आणि तसे होणे योग्यच आहे.

ते काका मात्र एकदा आले. प्रणाली सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मराठीत छापलेली चिकटपट्टी प्रत्येक औषधावर लावायला आम्ही नुकतीच सुरुवात केली होती, आणि तिचा मला बराच अभिमान होता. त्यांच्या पत्नीचे मेथोट्रेक्सेट कायमचे थांबले होते, पण 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची होती. आठवड्यातून एकदा हे शब्द ऐकताच ते खिडकीवरून थेट वर माझ्या खोलीत आले. मी त्यांना पुडीवरची चिकटपट्टी दाखवली: फक्त रविवारी, दुधातून. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. मग खिशातील बॉलपेन काढून माझ्यापुढे ठेवले.

"ताई, छापलंय चांगलं. पण मला काही दिसत नाही. तुम्ही हातानं मोठं लिहून द्या."

मी लिहून दिले. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, "फक्त रविवारी", आणि बाईंची पुडी वरच्या खिशात, इतर औषधांपासून वेगळी ठेवली. ते गेल्यावर मी चिकटपट्टीचा नमुना पडद्यावर उघडला. सर्वांत वर, सर्वांत मोठ्या अक्षरांत रुग्णालयाचे नाव होते. ते खाली नेले आणि वाराची अक्षरे दुप्पट केली.